मिलिमीटरचे गुडघे

त्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, आणि तोही पलंगाच्या कडेवर बसून. गरम पाण्यात बुडवून पिळलेली फडकी दोन्ही गुडघ्यांवर वीस मिनिटं ठेवल्याशिवाय ते वळत नसत. सहाला घर सोडायचं, सातला कामावर. अडतीस वर्षं तो फरशी बसवत होता, आणि फरशी उभ्याने बसवता येत नाही.

कामावर त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. दोन फरश्यांमधली फट एका मिलिमीटरने चुकली तरी तो ओली फरशी उचलून पुन्हा बसवायचा. संध्याकाळी निघण्यापूर्वी हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकून ऐकायचा. खाली सिमेंटचा माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो, नसेल तर बद्द येतो. बद्द वाजणारी फरशी तो ठेवत नसे, मग ती फ्रिजखाली जाणारी का असेना.

"फ्रिजखाली कोण बघतंय रे?" त्याचा जोडीदार वैतागून विचारायचा. बावीस वर्षं दोघं एकत्र काम करत होते. हा जोडीदार देवाला मानत नसे. अंगठ्यावर हातोडी बसली की देवाचं नाव घ्यायचा, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नसायचं.

"ज्याने बघायचं तो बघतो," मिलिमीटर म्हणायचा.

त्याचं धर्मज्ञान एवढंच. देवाने सहा दिवस काम केलं, केलेलं काम बघितलं आणि मगच चांगलं झालं असं म्हटलं, हे त्याने लहानपणी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ऐकलं होतं. आधी बघितलं, मग म्हटलं. हा क्रम त्याला पटला होता. रविवारी तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसे, कारण तिथे पाय लांब करता येत.

त्याच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. तरुण होते, तळमळीचे होते. दर बुधवारी संध्याकाळी ते 'शास्त्राची दृष्टी आणि रोजचं जगणं' असा वर्ग घेत. फळ्यावर दोन वर्तुळं काढत: एकात देवाचं काम, दुसऱ्यात पोटापाण्याचं. मध्ये एक जाड रेघ. शेवटी ती रेघ कोटाच्या बाहीने पुसून म्हणत, "सगळं काम देवाचंच!" मिलिमीटरची बायको वर्गाला नेमाने जाई. तो कधी गेला नाही, कारण बुधवारी त्या वेळी तो देवाचं काम करत असे.

हा माणूस वर्गाला का येत नाही हे विचारायला पाळक एका शनिवारी घरी आले. तो बांधकामावर असतो एवढंच त्यांना माहीत होतं. मिलिमीटर पँट वर गुंडाळून शेकत बसला होता. दोन्ही गुडघ्यांवर काळे, जाड घट्टे, बुटाच्या तळव्यासारखे. पाळक बोलता बोलता थांबले.

"काका, हे... किती वर्षांचं?"

"अडतीस."

"रोज?"

"रविवार सोडून."

हे पाळकांना जरा विचित्र वाटलं, पण त्यांनी विचारलंच. "किती तास असता गुडघ्यांवर?"

"आठ-नऊ. काम अडलं तर दहा."

पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्गाचं विचारायचं राहूनच गेलं. चहाही न घेता ते गेले.

दुसऱ्या दिवशी प्रवचन गुडघ्यांवर होतं. "नाव घेत नाही, पण रोज दहा-दहा तास गुडघे टेकणारा एक प्रार्थनावीर आज आपल्या शेवटच्या बाकावर बसला आहे," असं पाळक म्हणाले, आणि सगळं चर्च मागे वळलं. मिलिमीटरनेही मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"अहो, हे फरशीचे घट्टे आहेत," तो दारात भेटेल त्याला सांगू लागला.

"बघा, केवढी नम्रता!" माणसं एकमेकांना म्हणाली.

घरी बायको हसून हसून खाली बसली. "माणसाची अक्कल गुडघ्यात असते हे ऐकून होते. भक्तीही तिथेच असते हे आज कळलं. अहो, रात्रीची तुमची प्रार्थना दीड मिनिटाची. मी मोजलीय."

पण लोक येऊ लागले. कुणाची परीक्षा, कुणाचा जावई, कुणाचा मुतखडा. तो नकार देई, मग ते अधिकच आग्रह करत, शेवटी तो डोळे मिटून दोन वाक्यं बोले. त्यात एकाचा मुतखडा पडला, आणि मग तर काही खरं राहिलं नाही.

महिन्याभरात पाळक ठराव घेऊन आले. मंडळीने त्याला पूर्णवेळ प्रार्थनासेवक नेमायचं ठरवलं होतं. महिन्याला मानधन, बसायला खुर्ची आणि एक खोली. रविवारी सगळ्यांपुढे आपल्या प्रार्थनेची साक्ष द्यायची, की झालं.

"काका, फरशीचं काम खूप केलंत. आता देवाचं काम करा."

"पाळकसाहेब, बायको सांगते, ती मधली रेघ तुम्ही दर बुधवारी पुसता."

"हो, तत्त्वतः," पाळक म्हणाले.

मिलिमीटरला झोप लागेना. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजवा गुडघा संपला आहे, बदलावा लागेल, आणि तोवर जमिनीवर बसणं बंद. ऑपरेशनचे पैसे जमवायचे तर वर्षभर त्याच गुडघ्यांवर काम करावं लागणार होतं. इकडे मानधन समोर होतं, खुर्चीत बसून.

"घ्या हो," बायको म्हणाली. आता ती हसत नव्हती. "जिना चढताना तुमचं तोंड कसं होतं ते मी बघते. फुकट नाही घेत तुम्ही. प्रार्थना करा की जास्त."

"करेन गं. पण ते मला जो समजून पैसे देणार, तो मी नाही."

त्याला ही फरशी बद्द वाजत होती, आणि तिच्यावर माणसं उभी राहणार होती.

रविवारी तो साक्ष द्यायला पुढे गेला तो जोडीदाराला घेऊन. जेवायला घालीन या बोलीवर जोडीदार आला होता.

"पँट वर कर," मिलिमीटर म्हणाला.

"इथे? बायामाणसांत?"

"गुडघ्यापर्यंतच रे."

जोडीदाराने पँट गुंडाळली. घट्टे तसेच, उलट जास्त काळे. पहिल्या बाकावरची माणसं पुढे वाकली. पाळकांनी पुढे येऊन हात जोडले. "तुम्हीही प्रार्थना करता, भाऊ?"

"करतो की. ठेकेदार लवकर घरी जाऊ दे, एवढीच."

"हा देवाला मानत नाही," मिलिमीटर म्हणाला. "आणि घट्टे माझ्याहून मोठे. हे फरशीने पडतात. माझी प्रार्थना दीड मिनिटाची असते, बायकोला विचारा."

"दीडसुद्धा नाही!" बायकांच्या बाजूने आवाज आला. नाही म्हटलं तरी तिचा आवाज जड होता, कारण मानधन तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

"आणि देवाचं काम मी आजवर केलं नाही असं कुणी म्हणू नका. इथल्या दवाखान्याची फरशी मी बसवलेली आहे. जाऊन ठोकून बघा."

कुणीतरी हसलं. ठराव 'अधिक प्रार्थनेसाठी' ठेवण्यात आला, म्हणजे पुन्हा कधी निघाला नाही. संध्याकाळी घरी येणारे बंद झाले. ज्याचा मुतखडा पडला होता तो तेवढा येत राहिला. त्याला कारणाशी देणंघेणं नव्हतं.

पाळक मात्र पुढच्या बुधवारी कामावर आले. मला थोडी बसवू द्या म्हणाले, आणि चांगल्या पँटनिशी गुडघे टेकले. अठरा मिनिटं टिकले. दोन फरश्या बसवल्या, एक बद्द वाजली, ती मिलिमीटरने त्यांच्यादेखत उचलली. "तत्त्वतः बरी होती," जोडीदार म्हणाला. पाळक भिंतीला धरून उठले आणि त्या दिवशी वर्ग उशिरा सुरू झाला.

मिलिमीटर आणखी अकरा महिने कामावर गेला. शेवटचे दोन महिने तो डाव्या गुडघ्यावरच भार टाकून काम करत होता, पण एकही फट चुकली नाही. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हा गुडघा आयुष्यात टेकायचा नाही. लहान स्टूल घेऊन फरशी बसवली तर चालेल का, हे त्याने विचारलं. नाही म्हणाले. प्रार्थनेपुरता टेकला तर, असं बायकोने विचारलं. कशालाच टेकायचा नाही म्हणाले.

अकरा महिन्यांची मजुरी अशी उजव्या गुडघ्यात गेली. डाव्याला पैसे उरले नाहीत.