दक्षिण कोपऱ्याचं पाणी

आपली मुलगी चुकते आहे आणि बेटावरचं कुणीही तिला तसं सांगणार नाही, ही काळजी रविवारचं जेवण उरकलं तरी शाळेत शिकवणाऱ्या तेकुराची पाठ सोडत नव्हती.

मोएआता लहानपणापासून पाणी मोजत आलेली. आठव्या वर्षी मामाच्या होडीतून गाठी मारलेली दोरी सोडून ती लगूनची, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या पाण्याची, खोली सांगायची. अंदाज हुकला की जेवायची नाही. पुढे पापीते शहरात शिकली आणि आता, सत्ताविसाव्या वर्षी, मोत्यांच्या शिंपल्यांना कुठलं पाणी मानवेल ते ठरवायला तुआमोतू द्वीपसमूहातल्या आपल्याच आजोळच्या बेटावर गेली होती. पांढरी तबकडी पाण्यात सोडायची, ती कुठे दिसेनाशी होते ते बघायचं, उष्णता आणि प्रवाह टिपायचा. जुलै आणि ऑगस्ट, असे दोन महिने. लगूनचा दक्षिणेचा कोपरा तिला सर्वांत चांगला वाटला. उद्या सकाळी ती बेटाच्या सभेत तसं वाचून दाखवणार आणि अकरा घरं आपले शिंपले तिथे टांगणार.

सकाळीच तिचा फोन आला होता.

"आई, तबकडी अठरा मीटरपर्यंत दिसते!"

"जानेवारीच्या उन्हात मोजलंस?"

"जानेवारीत मी इथे होते कुठे? पण तेरिकीमामाला विचारलं ना. म्हणाला, चांगलं आहे, चांगलं आहे."

"कुठे बसून विचारलंस?"

"त्याच्या घरी, मासा खाता खाता. आई, मी तुझ्या वर्गातली नाही. उलटतपासणी पुरे!"

तेकुराने मग फोन ठेवला होता. बेटावर आपल्या चटईवर जेवणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. तो विचारील त्याला चांगलं म्हणायचं आणि आणखी वाढायचं. मोएआता याच रीतीत वाढली. नऊ वर्षं शहरात राहून विसरली.

जुलैत दक्षिणेचा वारा असतो, समुद्र प्रवाळाच्या कडेवरून आत येत राहतो. जानेवारीत, तिकडच्या भर उन्हाळ्यात, वारा पडला की तोच कोपरा डबक्यासारखा तापतो. तेकुरा नववीत असताना महिनाभर वारा नव्हता. पाणी हिरवट झालं, शिंपले तोंडं उघडी टाकून मेले. तेरिकीने ते टोपल्या भरभरून बाहेर काढले; आठवडाभर त्याच्या हातांचा वास जात नव्हता. तो हे विसरणं शक्यच नव्हतं.

मुलीला फोन करावा? ती आकडा मागेल, आणि तेकुराकडे आकडा नव्हता. टोपल्या तेरिकीने उचललेल्या.

चार वाजता तो चर्चमध्ये गायला जाई. साडेतीन झाले होते. तिने मनाशी वाक्यं जुळवली: दादा, ती पाहुणी नाही, तुझी भाची आहे. तिला आजच होडीतून त्या कोपऱ्यात ने, खायला काही देऊ नकोस, आणि खरं काय ते सांग.

तिने हात पुसले आणि भावाला लावायला फोन उचलला.