गुरुवार, चारचा तास

मी एका माणसाचं गुपित भर सभेत फोडलं होतं.

त्याबद्दल ज्यांनी मला कधी माफ केलं नाही आणि कधी सोडलंही नाही, त्या टिपणीस बाई आज सकाळी वारल्या.

तेव्हापासून घरात येरझाऱ्या घालतोय. एका जागी बसवत नाहीये.

ऐंशीच्या दशकाची अखेर. मी बाईंकडे समुपदेशनात पीएच.डी. करत होतो. लोक विचारायचे, "म्हणजे वेड्यांचा डॉक्टर का रे?"

विषय मी हट्टाने घेतलेला. कारखान्याला टाळं लागलं की कामगाराच्या मनाचं काय होतं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत तेव्हा एकेका गेटला कुलपं लागत होती.

नुसतं संशोधन बाईंना चालायचं नाही. "आधी माणसासमोर बसायला शिक, मग त्याच्यावर लिही."

डोंबिवलीत एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या होत्या. तिथे मी लोकांना भेटायचो. त्यांच्या परवानगीने बोलणं टेप करायचं आणि ती कॅसेट बाईंसमोर बसून ऐकायची, अशी ट्रेनिंगची पद्धत.

बाईंच्या हातात स्टॉपवॉच. कॅसेटमध्ये माझा आवाज आला की सुरू, थांबला की बंद.

"काय वक्ते, पन्नास मिनिटांतली एकतीस तुमची. तो बिचारा कशाला आला होता? सभेला?"

मी तेव्हा युनियनच्या सभा गाजवत होतो. गप्प बसणं हा मला पळपुटेपणा वाटायचा.

मग एक फिटर यायला लागला. कारखाना बंद. दर गुरुवारी चारला यायचा.

पाच आठवडे तो फक्त हवापाण्याचं बोलला. सहाव्या आठवड्यात त्याने एक गोष्ट सांगितली. बायकोलाही न सांगितलेली.

मी मध्ये तोंड घातलं नाही.

बाईंनी कॅसेट ऐकली, स्टॉपवॉच माझ्यासमोर धरलं. चार मिनिटं.

"जमायला लागलंय हं तुला."

त्या दिवशी मी खुशीत ठाकुर्लीपर्यंत उगाचच चालत गेलेलो.

पुढच्याच आठवड्यात एका कारखान्याच्या गेटवर द्वारसभा होती. डोक्यावर ऊन, लोक कंटाळलेले, मागचे पांगायला लागलेले. माझ्या भाषणातून माणसं उठून जाणं मला सहनच व्हायचं नाही.

आणि मी बोलून गेलो.

"माझ्याकडे एक माणूस येतो..."

नाव घेतलं नाही. कारखाना सांगितला नाही. फक्त त्याची ती गोष्ट.

पांगणारे परत फिरले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्या थांबेनात.

तिसऱ्या रांगेत तो उभा होता.

तोही टाळ्या वाजवत होता.

सगळे वाजवत असताना त्याने हात खाली ठेवले असते, तर शेजारच्याने वळून बघितलं असतं ना.

गुरुवारी तो आला नाही. मी बाईंना सगळं सांगितलं.

"पण मी नाव नाही घेतलं, बाई."

"त्याला त्याचं नाव माहीत आहे ना रे."

"हेतू वाईट नव्हता माझा. एवढ्या लोकांना ते कळायला हवं होतं."

"मग स्वतःचं सांगायचंस. तुझ्याकडे काहीच नव्हतं?"

"त्याच्या घरी जाऊन माफी मागतो."

"आणि दार बायकोने उघडलं तर? कोण म्हणून सांगशील?"



बाईंनी माझ्यासमोर ती कॅसेट पुसली. प्रबंधातून त्याची केस काढायला लावली. अख्खं विवेचन त्या एका केसवर उभं होतं. मी चिडलो, "वर्ष वाया जाईल, बाई!"

"तुझं वर्ष जाईल. त्याचं काय गेलंय ते बघ."

वर आणखी एक. "दर गुरुवारी चारला खोली उघडायची. पाचपर्यंत बसायचं. तो तास त्याचा आहे."

"तो नाही आला तर?"

"तरी त्याचाच आहे."

बसलो. समोर रिकामी खुर्ची. पुस्तक न्यायचं नाही, पेपर न्यायचा नाही. खाली कंपाउंडर नंबर पुकारायचा. जिन्यात चपला वाजल्या की मी ताडकन उठायचो. मनातलं माफीचं भाषण दर आठवड्याला लांबत चाललेलं.

बाहेरच्या बाकावर बाई. ठाण्याच्या नौपाड्याहून यायच्या, पाचला परत जायच्या. शिक्षा मला होती. त्या का यायच्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गणपती गेले. दिवाळी गेली.

मग एका गुरुवारी, सव्वाचारला, तो दारात.

मी भाषण सुरू केलं. त्याने हात वर केला.

"साहेब, तुम्ही गेटवर सांगितलंत ना, तसं नव्हतं ते."

खुर्ची ओढून बसला.

"तुम्ही फार चांगलं करून सांगितलंत. आता ऐका."

टेप नव्हता. मी एक शब्द बोललो नाही. आणि ऐकता ऐकता लक्षात आलं, त्या सहाव्या आठवड्यात मी नुसताच गप्प होतो. ऐकत नव्हतो. डोक्यात भाषण जुळवत होतो.

पाचला तो गेला. बाई बाकावरून उठल्या. मी तोंड उघडलं.

"मलाही नको सांगूस," बाई म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी खोली झाडून ठेव."

पुढच्या गुरुवारीही तो आला.

मला पीएच.डी. मिळाली, उशिरा. त्यानंतर कितीतरी सभा केल्या. अजूनही समोरचे लोक पांगायला लागले की ती गोष्ट जिभेवर येते. आत्ताही आली आहे. इथे लिहिली तर तुम्ही रडाल, शेअर कराल.

नाही लिहिणार.

हे एवढं तरी लिहावं का, सकाळपासून तेच चाललंय. त्याचं काम, तो वार, ते सण, सगळं इथे बदललंय. तरी त्याला त्याचं नाव माहीत आहे.

पण बाई, तुम्ही म्हणाला होतात, स्वतःचं सांगायचंस. एवढी वर्षं लागली. वर जे लिहिलंय ते माझं आहे. त्याचं माझ्याकडेच आहे.

थांबतो आता. स्टॉपवॉच बंद करा, बाई.

शेवटचा नमस्कार.