हातात दिलेली टीप

डब्लिनच्या कार्ड क्लबात पोकरचे पत्ते वाटणारी ती बाई उठताना दोन्ही तळवे उलटसुलट करून छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवायची. मला हसू यायचं.

एका शनिवारी मी मोठा डाव जिंकलो. टीप टेबलावर टाकणं मला उद्धटपणाचं वाटतं, म्हणून पैशांऐवजी चालणारी एक चिप तिच्या हातातच ठेवली. चटका बसावा तसा तिने हात झटकला. सुपरवायझर तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"टीप टेबलावर ठेवायची," तो मला म्हणाला. "हातात गेली की आम्ही चोरी धरतो."

"चूक माझी आहे."

तिच्या रिकाम्या तळव्यांकडे बघून तो गेला.

पडलेली चिप मी टेबलावर ठेवली. तिने ती कॅमेऱ्याला दिसेल अशी दोनदा टेबलावर ठोकून टिपांच्या पेटीत टाकली आणि पत्ते पिसता पिसता म्हणाली, "माझ्या आधी इथे पत्ते वाटायची त्या मुलीलाही कुणीतरी अशीच प्रेमाने हातात दिली होती."