जेवल्यावरचा ब्रश

माझ्या आत्याच्या मते माणसाची परीक्षा उसाच्या कांड्यावर होते. साठी ओलांडलेली ही बाई गंगाखेडला दारात बसून दातांनी ऊस सोलते आणि गल्लीची खबरबात घेते. मी परीक्षांच्या अभ्यासासाठी तिच्याकडे राहत होते. एकदा कांडं दाताला लावलं आणि कळ थेट कानात गेली.

“इंग्लिश शाळेचे दात,” ती म्हणाली. “उसाला बी घाबरायलेत.”

लवंग झाली, मिश्रीची डबी पुढे करून झाली, मग ती मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाली. एकटी जाते म्हटलं तर ऐकेना. आत्या मला एकटीला फक्त मोरीत जाऊ द्यायची. मला तेवढं पुरत होतं. जेवण झालं की मी मोरीचं दार लावून नळ मोठा सोडायची, खाल्लेलं ओकून टाकायची आणि वास राहू नये म्हणून खसाखसा दात घासायची. हे कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी आत्याला बाहेर बसायला सांगितलं. ती पिशवी मांडीवर घेऊन माझ्या खुर्चीशेजारीच बसली. बाई छोटा आरसा समोरच्या दातांमागे धरून बराच वेळ बघत राहिल्या. प्रश्न मला होते, उत्तरं आत्या देत होती. माझं तोंड उघडंच होतं, त्यामुळे तिची सोयच झाली.

“आमच्या पोरीला लय स्वच्छता,” ती कौतुकानं म्हणाली. “जेवली की लगेच दात घासती. तिन्ही टायमाला.”

आरसा थांबला. मी बाईंकडे नुसतं बघितलं. हिच्यासमोर नको, एवढंच मनात होतं.

त्यांनी आवाज न बदलता सांगितलं, दात मागून झिजलेत, पोटातलं आंबट वर येतं. तसं झालं की नुसत्या पाण्यानं चूळ भरायची, ब्रश तासाभरानं. आणि मला म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात एकटी ये, बोलू.

घरी येताना ओळखीच्या दोन बाया भेटल्या. आत्यानं एकीचीही चौकशी केली नाही. तेव्हाच मला भीती वाटली.

जेवण झाल्यावर मी उठले, तर तिनं भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढे सरकवलं.

ब्रशला तास आहे, पण मोरीत जायला काय हरकत, मी म्हटलं.

“मोरी कुटं पळून चालली न्हाई. बस.”

आम्ही शेंगा फोडत बसलो. तिनं सगळ्या गल्लीबद्दल सांगितलं, माझ्याबद्दल काही विचारलं नाही. तास झाल्यावर घड्याळाकडे बघून म्हणाली, जा आता. मी उठले नाही.

“किती दिस झाले?” तिनं शेंगांकडे बघत विचारलं.

“दीड वर्ष.”

“तरीच. मला वाटायचं, चूळ भरायला एवढा नळ कशाला लागतो हिला.”

मला हसू आलं, रडूही. पुढच्या आठवड्यात एकटीला बोलावलंय, असं मी सांगितलं.

“मग मी बाहेर बसते की,” ती म्हणाली, आणि सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.