दुधरामच्या सह्या केलेल्या झेरॉक्स

नवेगाव बांध गावात कोणालाही साक्षीदार हवा असला की तो थेट दुधरामच्या ओसरीवर यायचा. लग्नाची नोंदणी असो, बचत गटाचं खातं असो, दिवाळीनंतरच्या मंडईतल्या, म्हणजे गावजत्रेतल्या, नाटकाची परवानगी असो, दुधरामला नाही म्हणणं जमलंच नाही. धानाच्या बांधीतून वारंवार उठून यावं लागू नये म्हणून त्यानं सोय करून ठेवली होती. आधार आणि पॅन कार्डाच्या पन्नास-पन्नास झेरॉक्स काढायच्या, एका बैठकीत सगळ्यांवर सही ठोकायची आणि सगळ्या एका थैलीत भरून थैली खुंटीला लटकवायची. तो घरी नसला तर त्याची बायको शांतीबाई थैलीतून एक जोड काढून द्यायची. कोणाला, कशाला, हे विचारायची तिला लाज वाटायची.

"ने गा, तुमच्यासाठीच तर ठेवली हाय."

मुलगी रीता कुरकुरायची. "बाबा, तुमचा चेहरा पूर्ण तालुक्यात फिरून राहिला."

"फिरू दे ना वो. फिरल्यानं चेहरा झिजते काय?"

२०१७ साली गणपती आटोपले आणि रीताचा गोंदियाला नर्सिंगला नंबर लागला. फी भरायला बावीस दिवस होते. शिक्षणाच्या कर्जावर बापाची सही लागते म्हणून दुधराम इस्त्रीचा सदरा घालून रीतासोबत बँकेत गेला. साहेब साताऱ्याकडचे, बोलणं अगदी तुपातलं. त्यांनी संगणकात पाहिलं आणि चष्मा वर केला.

"काका, तुम्ही दुचाकी घेताय का हो?"

"मी सायकल चालवतो साहेब."

"पण इथं तुमच्या पॅनवर आठ दिवसांत तीन फायनान्स कंपन्यांनी चौकशी केलीये. तिन्ही दुचाकीसाठी. शेवटची परवाची. त्या कंपनीचा माणूस सडक अर्जुनीच्या शोरूममध्ये बसतो."

दुधरामनं मान हलवली, पण डोक्यात काहीच शिरलं नाही. कर्ज घ्यायला तर तो आत्ता आला होता. मग आधी कोण येऊन गेलं?

"ती गाडी निघाली ना काका, की हप्ते तुमच्या नावावर चढणार आणि भरणार कोणीच नाही. तुमचं सिबिल, म्हणजे कर्जातली पत, बिघडलं की मुलीची फाईल मला पुढं पाठवता यायची नाही. आजच जाऊन थांबवा."

बापलेक मिळेल त्या काळीपिवळी जीपनं सडक अर्जुनीला गेले. शोरूमच्या कोपऱ्यात फायनान्सवाला चुन्नीलाल पान चघळत बसला होता. गोंदियाचा माणूस, हिंदीशिवाय तोंड उघडत नव्हता.

"दुधरामजी? दुधरामजी तो कल ही आके गये. आप कौन?"

"मीच दुधराम."

"अरे नहीं भाई! वो तो गोरे हैं, चष्मा लगाते हैं. बड़े सज्जन आदमी."

क्षणभर दुधरामला वाटलं, असेलही. आपण उगाच मधे आलो. मग रीतानं बापाचं अस्सल कार्ड टेबलावर आपटलं तेव्हा चुन्नीलालनं फाईल काढली. आत खुंटीवरच्या थैलीतलीच जोड होती. झेरॉक्समध्ये दुधरामचा चेहरा तव्याच्या बुडासारखा काळा आला होता. त्यात गोरा, सावळा, चष्म्याचा, बिनचष्म्याचा कोणीही मावला असता.

"सही आपकी है?"

"हो, माझीच."

"फोटो?"

"माझाच."

"तो अर्जी भी आपकी हुई ना!"

"अर्ज माझा नाही."

"अरे, ऐसा कैसे हो सकता है?"

"तेच तर मले बी समजून नाही राहिलं," दुधराम अगदी मनापासून म्हणाला.

रीतानं फॉर्मवर बोट ठेवलं. "हा मोबाईल नंबर आमचा नाही. लावा याले."

चुन्नीलालनं नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. दोन रिंग झाल्या. पलीकडून गोड आवाज आला, "हाँ जी, दुधराम बोल रहा हूँ."

दुधरामनं कान टवकारले. आपलं नाव इतकं रुबाबात आजवर कोणी घेतलं नव्हतं. तो फोनवर वाकला.

"मी बी दुधरामच बोलून राहिलो. तुम्ही कोन्ते?"

फोन कटला. पुन्हा लावला तर बंद.

चुन्नीलालच्या तोंडातलं पान थांबलं. "बाप रे. गाड़ी कल सुबह निकलने वाली थी."

रीतानं त्याला तिथंच कागद लिहायला लावला. अर्ज या माणसाचा नाही, रद्द केला आहे, खाली शिक्का. मग पोलीस ठाणं. हवालदारानं पेन उघडलं.

"झेरॉक्स कोणाकोणाले दिली?"

"सर्वाईले."

"शक कोणावर?"

दुधराम नावं आठवू लागला. नाटक मंडळाचे सात, बचत गटाच्या बाया, चार नवरदेव, पलीकडच्या गावचा एक कोणी, त्याचं नाव तर विचारलंच नव्हतं. हवालदारानं पेन खाली ठेवलं. "शकाच्या जागी गाव लिहू काय?" शेवटी 'अनोळखी इसम' लिहून त्यानं पोच दिली.

बाकी दोन कंपन्यांना पत्रं गेली. नेटवाल्याच्या दुकानात बसून रीतानं सिबिलचा अहवाल काढला, तिन्ही चौकश्यांवर तक्रार टाकली, पोलिसांची पोच जोडली. उत्तराला तीस दिवस लागतील असं आलं. फीला उरले होते एकवीस.

तेवढे दिवस दुधरामचं कशातच लक्ष नव्हतं. आठवडी बाजारात गोरा, चष्मेवाला माणूस दिसला की तो त्याच्या मागं मागं जायचा. एकदा तर भाजीच्या ओळीत उभा राहून तो जोरात ओरडला, "ओ दुधराम!" कोण वळतं ते पाहायचं होतं. अर्धा बाजार वळला आणि त्याच्याचकडं पाहू लागला.

"का गा, स्वतःलेच बोलावून राहिला काय?" कांदेवाली म्हणाली.

एकोणिसाव्या दिवशी दोन चौकश्या अहवालातून निघाल्या. तिसरी होती तिथंच. बँकेच्या साहेबांनी चुन्नीलालचा शिक्क्याचा कागद आणि पोलिसांची पोच फाईलला लावली आणि फाईल पाठवून दिली. मुदतीच्या आदल्या दिवशी कॉलेजात पैसे जमा झाले. मात्र त्याआधी साहेबांनी दुधरामकडून नवीन झेरॉक्स मागितली होती. त्यानं तिच्यावर आडवं लिहिलं, 'फक्त रीताच्या शिक्षणासाठी', तारीख टाकली, मग सही केली.

"काका, लिहिलंत छान, पण चेहऱ्यावरून नको. तुम्ही दिसला पाहिजे."

दिवाळी झाली आणि नाटक मंडळाचा भैय्यालाल ओसरीवर आला. सवयीनं त्याचा हात खुंटीकडं गेला. खुंटी रिकामी होती. थैलीतले उरलेले कागद शांतीबाईनं केव्हाच चुलीत घातले होते.

"थैली कुठं हाय गा?"

"कायले पाहिजे? कोणत्या नाटकाले? कोणत्या तारखेले?"

भैय्यालालचा चेहरा पडला. "मी का चोर दिसून राहिलो तुले?"

"नाही गा. पण तो बी नोहता दिसत. मोठा सज्जन होता म्हणते."

भैय्यालाल फुगून बसला. दुधरामनं एकच नवीन जोड झेरॉक्स करून आणली, नाटकाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. सहीपाशी पेन थांबलं. तो गोड आवाज पुन्हा कानात आला होता. तो माणूस या ओसरीवर बसून चहा पिऊन गेला असेल, की कागद हातोहात फिरत त्याच्यापर्यंत पोचला असेल? दुधरामला अजूनही उलगडा झाला नव्हता.

"भैय्यालाल, तू चष्मा नाही ना लावत?"

"नाही. काऊन?"

"काही नाही," दुधराम म्हणाला आणि त्यानं सही केली.