सीताबर्डीची लढाई, मागच्या व्हरांड्यात

धंतोलीतल्या त्या भाड्याच्या घरात मागचा व्हरांडा म्हणजे यमुताईंचं राज्य. तांदूळ निवडणं तिथे, वड्या वाळत घालणं तिथे, दुपारची आडवं होण्याची चटईसुद्धा तिथेच. त्रेसष्ट सालच्या दिवाळीत त्या राज्यात लढाई शिरली ती पुढे वीस वर्षं मुक्कामालाच राहिली.

त्याचं असं झालं. यमुताईंचे यजमान, मार्तंडराव डोरले, रेल्वेच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. पूल, फलाट, सिग्नलच्या केबिनी यांचे नकाशे काढायचे. रेघ अशी की पट्टीने लाजावं. लेक प्रेमिला लहान होती, तिच्यासाठी ते दर दिवाळीला अंगणात किल्ला करत. किल्ल्यावरचे मातीचे शिपाई मात्र यमुताईंचे. कुंभाराकडून माती आणायची, बोटाएवढे शिपाई वळायचे, शेगडीच्या निखाऱ्यात भाजायचे आणि हातात झाडूच्या काडीचा भाला द्यायचा. त्या दिवाळीत मार्तंडरावांचे दोस्त आनंदराव गजघाटे फराळाला आले. मालगाडीचे गार्ड, राहायला इंदोऱ्याला. किल्ल्यासमोर उकिडवे बसून ते शिपायांकडे बराच वेळ बघत राहिले.

"मार्तंडा, हे नुसते उभेच राहतेत का गा?" त्यांनी विचारलं.

"मग काय करावं त्यांनी?"

"लढावं."

पुढच्या रविवारी ते आले तेव्हा पिशवीत एक खेळण्यातली लोखंडी तोफ होती. कामठीच्या छावणीत कुण्या साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला होता, तिथून आणलेली. मागे स्प्रिंग, पुढे नळी. नळीत आगपेटीची काडी घालायची, खटका ओढायचा, की काडी सण्णकन सुटायची. सोबत थोडे शिशाचे गोरे शिपाईही होते, रंग उडालेले.

घरमालकीण तुळसाबाई जिन्यावरून वाकून बघत होती. "कोण वं हे?" तिने यमुताईंना खालच्या आवाजात विचारलं. आनंदराव कुठले, कोणाचे, हे तिला हवं होतं.

"शत्रू आहेत," यमुताई म्हणाल्या, आणि चहा घेऊन आत गेल्या.

लढाई ठरली ती सीताबर्डीची, अठराशे सतराच्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रज लढले ती. दुसरी कुठली असणार? व्हरांड्यातून मान वळवली की किल्ल्याची टेकडी दिसत होती. यमुताईंचं एक जुनं हिरवं नऊवारी अंथरलं, त्याखाली दोन लोड सारून मोठी टेकडी आणि धाकटी टेकडी केली, लुगड्याचा निळा काठ ही नागनदी झाली. तोफ ओढायला प्रेमिलाचे लाकडी बैल, तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते. एका वेळी आनंदराव भोसल्यांकडून लढत आणि मार्तंडराव इंग्रजांकडून. पुढच्या वेळी उलट. नियम एकच, काडी लागून पडला तो मेला. दोघंही पोटावर पालथे पडून एक डोळा मिटून नेम धरायचे. आनंदरावांची जीभ नेम धरताना ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची आणि त्यांचा श्वास थांबायचा. मग काडी सुटायची ती बहुधा शिपायाच्या छातीतच.

भांडण पहिल्याच दिवशी झालं. एक शिपाई काडीने हलला, कलला आणि शेजारच्या बैलाला टेकून राहिला.

"मेला," आनंदराव म्हणाले.

"कुठे मेला? पडला का तो?"

"बैल नसता तं पडला असता."

"आहे ना पण बैल."

शेवटी दोघांनी तांदूळ निवडत बसलेल्या यमुताईंकडे पाहिलं. त्यांनी सुपातून मान वर केली. "जमिनीला पाठ लागली का? नाही ना? मग जिवंत. टेकून उभा असला तरी उभाच."

तेव्हापासून त्या पंच. पडलेल्या शिपायांची डोकी खळीने चिकटवणं हेही पंचाचंच काम.

वर्षं गेली. चौऱ्याहत्तरला प्रेमिलाचं लग्न होऊन ती मुंबईला गेली. एकदा माहेरपणाला येताना तिने बाबांसाठी एक खोका आणला. आत प्लास्टिकचे शिपाई आणि इंग्रजीतली एक पातळ नियमपुस्तिका. तिकडे म्हणे आता काड्या कोणी मारत नाही. फासे टाकतात. पायदळ किती सरकणार ते टेपने मोजतात, गोळी लागली की नाही हे फासा सांगतो, घाबरून पळाले की नाही हेही फासाच सांगतो.

आनंदरावांनी एक प्लास्टिकचा शिपाई चिमटीत धरला. "हा शिपाई होय का मुंगी? अन् फाशानं लढाई? मंग आपण लुडोच खेळू नं."

"नेम नाही तर मर्दुमकी कसली," मार्तंडराव म्हणाले. दोघं इतके खूश झाले एकमेकांशी सहमत होऊन की खोका माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

मार्तंडराव निवृत्त झाले त्याच्या आसपास यमुताईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. मार्तंडराव बशीत चहा ओतत तेव्हा बशी वाजत होती. आधी बारीक, किणकिण. मग चांगलीच. डॉक्टरांनी हाताची बोटं उघडून मिटून पाहिली, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, हा कंप राहणार. पण हात चालता ठेवा, गुंडाळून ठेवू नका. यमुताईंनी कोणाला काही न सांगता त्यांचा कप अर्धाच भरायला सुरुवात केली. मार्तंडरावही तो अर्धा कप तसाच पीत राहिले. घरातल्या पुष्कळ गोष्टी अशाच चालतात.

पण तोफेला अर्धा कप कळत नाही. मार्तंडरावांची काडी भिंतीवर जाऊ लागली, कधी नागनदीत, कधी थेट यमुताईंच्या सुपात. आणि गंमत अशी की त्याच सुमारास आनंदरावांचाही नेम बिघडला. काडी हातभर बाजूने जायची. "म्हातारपण आलं गा," ते म्हणायचे. यमुताई बघत होत्या. आनंदरावांची जीभ आता ओठांबाहेर येत नव्हती. श्वास थांबत नव्हता. ते गप्पा मारता मारता खटका ओढत होते.

जे यमुताईंना दिसलं ते मार्तंडरावांना दिसणार नाही असं कसं होईल? एका रविवारी आनंदरावांची काडी समोरच्या ढळढळीत शिपायाला सोडून छपराकडे गेली, तेव्हा मार्तंडराव हळूच उठून बसले.

"आनंदा, दया करून राहिला का गा?"

आनंदराव तोफेच्या खटक्याशी चाळा करत राहिले. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना.

मार्तंडरावांनी एकेक शिपाई उचलून बिस्किटांच्या डब्यात ठेवला. दोन हातातून निसटले, ते आनंदरावांनी उचलले नाहीत; उचलावे की नाही हेच त्यांना कळेना. झाकण लावलं आणि लढाई बंद झाली.

आनंदराव यायचे थांबले नाहीत. रविवारी इंदोऱ्याहून सायकल मारत यायचे, खुर्चीत बसायचे, गाड्यांच्या वेळांबद्दल बोलायचे, चहा घेऊन जायचे. दोन माणसं वीस वर्षं पालथी पडून बोललेली. खुर्च्यांवर समोरासमोर बसून त्यांना बोलताच येईना. मार्तंडराव उजवा हात उपरण्याखाली ठेवू लागले. मग दाढीला न्हावी घरी बोलवू लागले. मग जेवणं एकट्याने, उशिरा. यमुताईंना भीती वाटली ती कंपाची नव्हती. हा माणूस आपल्या हाताबरोबर स्वतःलाही उपरण्याखाली झाकून टाकेल, ही होती.

पोळा जवळ आला तशा त्या एका दुपारी स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरून तो खोका काढला. बी.ए.च्या परीक्षेनंतर इतकं बारीक इंग्रजी त्यांनी वाचलं नव्हतं. वाचलं, पुन्हा वाचलं. प्लास्टिकचे शिपाई बाजूला ठेवले. डब्यातले मातीचे काढले आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून चार-चार शिपाई एका पुठ्ठ्यावर चिकटवले. फासा हातात घेऊन पाहिला; चिंचोक्याहून लहान. तो परत खोक्यात टाकला आणि देवघरातल्या डब्यातून सहा कवड्या काढल्या.

रविवारी आनंदराव आले, तर व्हरांड्यात हिरवं लुगडं अंथरलेलं.

"बसा भाऊजी," यमुताई म्हणाल्या. "आज माझ्याशी लढायचं. तुम्ही इंग्रज."

आनंदरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मार्तंडराव आरामखुर्चीत पेपरामागे होते. "वहिनी, मले तं हे फाशाचं काई समजत नाई."

"मला तरी कुठे समजतं? पायदळ एक वीत, घोडे दोन वीत. बार काढायचा तर कवड्या ओंजळीत खुळखुळवून टाकायच्या. उताण्या जितक्या पडतील तितका मार. टाका."

सुरुवात झाली. पेपराचं पान बराच वेळ उलटलं नाही. यमुताई जोरात बोलत होत्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच. त्यांनी घोडेस्वार सरळ टेकडीच्या चढावर घातले. आत खुर्ची करकरली. त्यांनी भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांना धाकट्या टेकडीवरून खाली आणलं. आत कोणीतरी खाकरलं. मग त्यांनी तोफेचे बैल उचलले आणि नागनदी ओलांडून थेट पलीकडे नेऊन ठेवले.

"अगं यमू," पेपर खाली आला, "बैल आहेत ते, बगळे नाहीत. तोफेसकट नदीतून एका दमात जातील का?"

"नियमात असं काही लिहिलं नाही."

"नियमात नसेल. डोक्यात तर असेल? नोव्हेंबरात नदीला चिखल असतो."

"मग तुम्ही सांगा कसं न्यायचं."

ते उठून आले. भिंतीला हात लावत खाली बसले. अंथरलेल्या मैदानाकडे, पुठ्ठ्यांवरच्या शिपायांकडे, कवड्यांकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं. नकाशे वाचण्यात जन्म गेलेला माणूस. त्यांना सगळं कळलं.

"हे माझ्या हातासाठी केलंस."

"हो," यमुताई म्हणाल्या.

"म्हणजे हीसुद्धा दयाच."

"पुठ्ठे दयेचे आहेत म्हणा हवं तर. कवड्यांचं तसं नाही. त्यांना कोणाचा हात दिसत नाही. भाऊजींनी मुद्दाम हरायचं ठरवलं तरी त्यांना ते जमायचं नाही."

आनंदराव मान खाली घालून हिरव्या लुगड्याची सुरकुती सारखी करत होते. "मी तसं कराले नोको होतं मार्तंडा," ते म्हणाले. "पण मले तुह्यासंग खेळाचं होतं. दुसरी तरकीब सुचली नाई."

मार्तंडराव कवड्यांकडे सरकले. उपरण्याखालून उजवा हात बाहेर आला. त्यांनी कवड्या ओंजळीत घेतल्या. खुळखुळवाव्या लागल्याच नाहीत. त्या आपोआप वाजत होत्या, छान, भरगच्च. आनंदरावांना हसू आवरेना आणि मग मार्तंडरावांनाही.

"खुळखुळवणं तं तुहंच एक नंबर गा," आनंदराव म्हणाले.

"बघ आता."

ते काही फार चांगलं पडलं नाही. त्या दिवशी मार्तंडरावांच्या कवड्या पालथ्याच पडत राहिल्या, आनंदरावांच्या उताण्या. इंग्रजांच्या घोडेस्वारांनी धाकटी टेकडी घेतली. आनंदरावांनी प्रत्येक दानाला मांडीवर थाप मारली आणि मार्तंडरावांनी प्रत्येक दानाला आनंदरावांच्या सात पिढ्यांच्या नशिबाला नावं ठेवली. जिन्यावर तुळसाबाई येऊन उभी राहिली. "शत्रू परत आला वाटते," ती म्हणाली.

शेवटच्या गडबडीत एक पुठ्ठा कलला आणि त्यावरचे शिपाई बैलाला टेकले. नव्या नियमांत त्याचं काहीच नव्हतं. पडला काय, टेकला काय, कवड्या सांगतील ते खरं. तरी दोघांनी सवयीने यमुताईंकडे पाहिलं.

"उभेच आहेत ते," यमुताई म्हणाल्या.

"तरी हरलोच मी," मार्तंडराव म्हणाले. "साफ हरलो. कसा हरलो बघ, यमू. पुढच्या रविवारी मी इंग्रज, आणि बैल नदीतून न्यायचे नाहीत, हे आत्ताच ठरवून टाकू."

पुढे प्रेमिला सांगायची, मुंबईच्या खेळांत आता राक्षस आणि जादूगार यायला लागले आहेत. "राक्षसाले किती कवड्या?" आनंदराव गंभीरपणे विचारायचे. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी यमुताईंनी चहा आणला. मार्तंडरावांनी आनंदरावांच्या कपाकडे पाहिलं, मग आपल्या.

"माझा अर्धा काहून?"

यमुताई स्वयंपाकघरात गेल्या. मग किटली आणून त्यांनी कप काठोकाठ भरला. थोडा चहा बशीत सांडला, थोडा नागनदीत. लुगडं तसंही धुवायचंच होतं.