पेपरावर अकरा नावं

हसायचं नाही हां! आधी कबूल करा, मगच सांगते. कारण यातला गाढवपणा अस्सल माझा आहे.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सांगलीच्या कॉलेजात उन्हाळी संशोधनाला माझी निवड झाली. विषय काय, तर उसाला लागणारी हुमणी कीड. तिचे भुंगेरे निळ्या दिव्याकडे जास्त येतात की पांढऱ्या? दोन्ही सापळे फलटणजवळच्या आमच्याच उसात लावले. पेपर विद्यार्थ्यांच्या एका संशोधन मासिकात छापायचा ठरला. आमच्या खानदानात तोवर छापून आलेलं काय? लग्नपत्रिका!

तिथंच घोटाळा झाला. लेखकांची नावं लिहायला बसले, तर वडील मागे उभे. "तात्याचं घाल, न्हाईतर रुसंल." मग थोरले काका, धाकटे काका, आत्याचे मालक... मी, कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडम आणि घरातले नऊ पुरुष! आणि मॅडमना न दाखवता पाठवूनही दिलं. आता बोला!

चार दिवसांत संपादकांचं पत्र. प्रत्येक लेखकानं नेमकं काय काम केलं ते आठवड्यात कळवा, नाहीतर पेपर परत. सगळा उन्हाळा पाण्यात?

अंगणात बैठक बसवली.

"म्या बॅटरी दिली की सापळ्याला!" रिटायर सुभेदार तात्या.

"ऊस माजा, म्हंजे भुंगं बी माजंच," वडील.

आत्याचे मालक म्हणाले, "आमी आशीर्वाद दिला. त्यो लिव."

रडत मॅडमना फोन लावला. ओरडून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "रोज भुंगेरे मोजले कोणी?"

"सुनंदाकाकूनं. मी सांगलीत असायचे ना."

"तिचं नाव कितवं?"

अकरा नावांत काकूच नव्हती! लाज वाटली हो, अगदी मनापासून.

काकू मात्र हसली. "आगं, पत्रिकेत तरी माजं नाव कवा आस्तंय?" आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून हातात दिलं. रोजच्या चौकोनात निळ्याचा आकडा, पांढऱ्याचा आकडा. एक दिवस चुकलेला नाही!

नवी यादी गेली: मी, काकू, मॅडम. सोबत कॅलेंडरचे फोटो. आणि पेपर छापून आला की हो! संपादकांनी काकूच्या नोंदींचं खास कौतुक कळवलं.

गावात फ्लेक्स लागला. मधोमध डोईवर पदर घेतलेली काकू, खाली मोठ्या अक्षरात 'शास्त्रज्ञ'. यादीतून कापलेले नऊही जण शुभेच्छुकांच्या रांगेत झळकत होते. आणि त्याच रांगेच्या टोकाला, आत्याच्या मालकांना चिकटून, मी!

"तात्या, मी शुभेच्छुकांत कशी?"

"मग? भुंगं तू मोजलंस व्हय?"